या वर्षाचा उजेड

"या वर्षाचा उजेड संपला, एडविन," फिलिपा म्हणाली. "आता झडपा थेट जानेवारीत उघडायच्या."

"संपला म्हणजे? आत्ता कुठे ऑक्टोबर लागलाय."

"जूनमध्ये त्या लग्नवाल्यांनी फोटोंसाठी दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या. रंग उडू नयेत म्हणून चित्राला वर्षाचा उजेड ठरलेला असतो. मी काय पदरचा देऊ?"

फिलिपा त्या हवेलीची व्यवस्थापक. एडविन तिथल्या जुन्या जेवणघरात बिनपगारी राखण करायचा आणि आल्यागेल्याला भिंतीवरचं बायबलातलं चित्र समजावून सांगायचा. आंधळा म्हातारा इसहाक. आशीर्वाद लाटायला थोरल्या भावाचं सोंग घेऊन आलेला याकोब. त्याच्या हातांना बांधलेली बकऱ्याची कातडी, आणि ते हात चाचपणारा बाप. मग आवाज खाली आणून तो म्हणायचा, मागे पडद्याआड आई उभी आहे, रिबका. सगळा बेत तिचाच.

ती आई त्याने कधी पाहिली नव्हती. हवेलीच्या माहितीपुस्तकात होती, म्हणून सांगायचा. खोलीतल्या मंद दिव्यात त्या कोपऱ्यात त्याला नुसता काळोख दिसे. पाहुणे मान डोलवत. त्यांनाही दिसत नसावी, असं तो धरून चालला होता.

बसमध्ये घोकलेलं वाक्य त्याने बुटांकडे बघत म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, वसंतापर्यंत माझे डोळे जातील, आणि मला ती पडद्यामागची आई एकदा बघायचीय."

फिलिपा खिडकीकडे वळली.

"हे आधी नाही का सांगायचं? पाहुण्यांना अर्धा अर्धा तास पिळता, आणि माझ्यापुढे तोंडातून शब्द फुटत नाही!" तिने खिडकीच्या झडपेचा लोखंडी अडसर काढला. "दोनच मिनिटं. कुणी विचारलं, तर मी माशी हाकलत होते."

ऊन आत आलं आणि चित्रावरची काच लखकन पेटली. काचेत खिडकी होती, हिरवळ होती, लांबवर मेंढ्या होत्या, आणि छातीला नावाची पट्टी लावलेला एक वाकलेला म्हातारा. एडविन डावीकडे सरकला. उजवीकडे गेला. गुडघ्यांवर बसला. जिथे जावं तिथे तो म्हातारा आधीच हजर.

फिलिपाचं लक्ष दाराकडे होतं. "दिसली का?"

"दिसली."

"कशी आहे?"

"छान आहे," एडविन म्हणाला. झडप लागली.

तो अजून गुडघे झटकत होता, तेवढ्यात एक बाई आत आली. चिखलाचे बूट दाराशी काढून नुसत्या मोज्यांवर.

"खाली चहाघरात केक संपलाय," ती म्हणाली. "म्हटलं, चित्र तरी बघू."

एडविनने सांगायला सुरुवात केली. म्हातारा, याकोब, कातडी. पडद्यापाशी येऊन तो अडखळला. "मागे आई उभी आहे," तो कसाबसा म्हणाला. "म्हणजे, असं म्हणतात."

बाई चित्रासमोर आडव्या बांधलेल्या दोरीवरून वाकली. डोळे बारीक करून तिने बराच वेळ पाहिलं.

"म्हणतात काय? आहे की! अगंबाई, रडतेय ही."

पुस्तकात रडण्याबद्दल काही नव्हतं. एडविनने त्या काळोखाकडे एकदा पाहिलं. मग पुढे होऊन ती दोरी काढून घेतली.

"जवळ जा," तो म्हणाला. "आणि मला सांगा."