माशांची दुपारची झोप

नैवेद्य दाखवून देवांपुढे पडदा ओढला आणि सुनेच्या फिशटँकचा दिवाही मालवला. दुपारी माशांनाही विश्रांती हवीच.

पोथी वाचून उठले, तर सगळे मासे वर येऊन धापा टाकत होते. आतल्या झाडांसाठी पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड गॅस किती ते दाखवणाऱ्या कुपीतलं हिरवं पाणी पिवळं पडलं होतं. गावाला गेलेल्या सुनेला घाबरून फोन लावला.

"आधी गॅस बंद करा, आई! दिवा मालवलात का?"

"अगं, दुपारची झोप नको त्यांना?"

"अंधारात झाडं गॅस घेत नाहीत. तो साठला की मासे गुदमरतात. टँकमधलंच पाणी तांब्याने वरून ओतत राहा."

गॅस बंद केला आणि फोन स्पीकरवर ठेवून नाम घेत पाणी ओतत राहिले. हळूहळू एकेक मासा खाली गेला.

"पण मग झोपतात कधी गं?"

"झोपतात की, उघड्या डोळ्यांनी."

मी काचेपाशी खुर्ची ओढली.