आधी वकिलाचं मनगट

ज्यूरीतल्या बारा जणांचे पूर्वग्रह तपासायला कोर्टात आणलेली पट्टी ॲडव्होकेट मृणाल देवस्थळींनी आधी स्वतःच्या मनगटावर बांधली. समोरच्या माणसाविषयी मनात संशय आला की पट्टीवरचा हिरवा दिवा लाल होई.

"आधी माझी परीक्षा, मग तुमची," त्या हसून म्हणाल्या. वीस वर्षं त्या पारध्यांचे खटले लढत होत्या. दिवा हिरवाच राहणार, याची त्यांना खात्री होती.

चोरीचा आरोप असलेली त्यांची पारधी अशील शेवंता काळे त्यांच्या शेजारी येऊन बसली. दिवा लाल झाला.

ज्यूरीत खसखस पिकली. मृणालताईंचे कान तापले. "पट्टी बिघडलीय बहुतेक," त्या पुटपुटल्या.

"न्हाई ताई," शेवंता हळूच म्हणाली. "तुमी तुरुंगात भेटाया येता तवा पर्स मांडीवर घट्ट धरून बसता. मला कवापास्नं ठावं हाय."

मृणालताईंनी पर्स उचलून शेवंताच्या मांडीवर ठेवली. दिवा लालच राहिला. तो झाकायला गेलेला हात त्यांनी मागे घेतला, पट्टी सोडली आणि ज्यूरीपुढे धरली.

"आता कोण बांधतंय?"

खसखस थांबली होती. एकही हात पुढे आला नाही.