काचेआडचे ऊन

सकाळचे ऊन आधी समोरच्या इमारतीच्या कठड्यावर टेकत असे. मग कसलीच घाई नसल्यासारखे ते भिंतीवरून उतरे, गल्लीच्या मध्यावर क्षणभर रेंगाळे आणि शिंप्याच्या खिडकीच्या बंद काचेतून आत येई. दोऱ्याच्या रिळांवरून, कात्रीच्या पात्यावरून सरकत ते कापड बेतायच्या टेबलाशी थांबे. तिथे एका उशीवर त्याची तीन वर्षांची मुलगी बसलेली असे, पायघोळ झग्यात.

आजही ती तशीच बसली होती. शिंप्याची धाकटी बहीण दारातच पिशवी ठेवून आत आली.

“काय ठमाबाई, काय चाललंय?”

“ऊन खातेय, आत्या.”

“भरलं का पोट?”

“नाही. बाबा म्हणतात, अजून खा.”

बहिणीची नजर फळीकडे गेली. डॉक्टरांनी दिलेल्या ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या बटणांच्या डब्यामागे तशाच पडून होत्या. एकही फोडलेली नव्हती.

“दादा, ह्या काय शोभेला ठेवल्यास?”

“रोज एवढं ऊन देतोय ना तिला.”

“उघड्यावरचं ऊन म्हणाले होते डॉक्टर. काचेतून नुसती ऊब येते, हाडांना लागतं ते नाही येत. आणि औषध तर द्यायचंच आहे.”

“औषध आजारी पोराला देतात.”

“बरं. मग बाहेर का नेत नाहीस हिला?”

शिंपी सुईत दोरा ओवत राहिला. दोरा दोनदा चुकला.

“लोक बघतात.”

“काय बघतात?”

“काही नाही गं. चाल जरा आईच्या वळणावर गेलीय. मोठी झाली की होईल ठीक.”

बहिणीने वाद घातला नाही. तिने मुलीला टेबलावर उभे केले, घोट्याला घोटा जुळवला आणि झगा वर धरला. दर खेपेस शिंपी तो बोटभर अधिकच लांब बेतत आला होता.

“जगाची मापं घेतोस, दादा. एकदा हिचंही घे.”

टेप गळ्यात होता, पण हात तिकडे गेला नाही. त्याने मूठ वळली आणि हळूच मुलीच्या गुडघ्यांमधून पुढे नेली. बाबा आता गुदगुल्या करणार म्हणून मुलगी आधीच हसत वाट पाहत होती.

मूठ कुठेही न लागता पलीकडे गेली.

मुलीचे पाय वाकले होते.