एकोणीस रिकाम्या ओळी

"महानंदाअक्का, तुमच्या अप्पांच्या मातीला तुमी कामून आलाव न्हाई?"

शैलश्रीनं एका दमात विचारून टाकलं. पैज एका प्लेट सुसल्याची, फोडणीच्या भिजवलेल्या चुरमुऱ्यांची होती. पैज लावणाऱ्या नेत्रावती आणि ज्योत्स्ना कुंपणापलीकडं उभ्या होत्या. प्रश्न ऐकताच दोघी खाली बसल्या. अख्खं गाव हेच विचारत होतं, फक्त महानंदाच्या पाठीमागं. दहावीत गेल्यापासून शैलश्री कुणाला भीत नव्हती. आता मात्र तिचे कान तापले.

महानंदा कालच आली होती. तिचे वडील रेवणसिद्धप्पा जाऊन एकोणीस दिवस झाले होते. अंगणात जाळीच्या आत त्यांचं पर्जन्यमापक उभं होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी साडेआठला ते त्यातलं पाणी मोजायचे आणि वहीत लिहायचे.

"कुणी पाठवलं तुला?"

"पैज हाय. पण मला बी कळून घ्यायचंय."

महानंदा हसली नाही, रागावलीही नाही.

"मी मोजणीच्या जहाजावर होते. अटलांटिक समुद्रात. फोन आला तवा बंदर सहा दिवसांवर होतं. माती मिळालीच नसती." ती थांबली. "पण हे लोकांना सांगायला झालं. कॅप्टननं विचारलं, जहाज वळवू का? मीच न्हाई म्हणले."

कुंपणापलीकडून "अय्यो" ऐकू आलं.

"कामून?"

महानंदानं तळहात उताणा धरून पुढं नेला, मग पालथा केला आणि खालून मागं आणला. "समुद्राचं पाणी असं फिरतंय. वरनं कोमट पाणी उत्तरेला जातंय, तिथं गार होऊन जड होतंय, बुडतंय आन तळानं परत येतंय. ते मंदावलं तर कुठला पाऊस कुठं जाईल, सांगता येत न्हाई. आपला बी. किती जोरानं फिरतंय ते वरनं दिसत न्हाई, म्हणून तळाला वजन टाकून आमी उभी तार सोडतो, चार-पाच किलोमीटरची. तारेला यंत्रं आन तरंगणारे गोळे. दीड वर्ष ती खाली मोजत राहतात. मग जहाजातनं पाण्यात आवाज सोडायचा. खालचं वजन सुटलं की यंत्रं वर. तवा काढली नसती तर बॅटऱ्या संपून गेल्या असत्या. मधली मोजणी गेली असती."

"गेली तर गेली की! परत मोजायचं."

महानंदानं जाळीचं दार उघडलं. "ते आतलं भांडं उचल."

भांडं जड निघालं. शैलश्रीच्या हातून सांडता सांडता राहिलं.

"सांग, परवा पाऊस किती झाला?"

शैलश्रीनं वाकून बघितलं. एकोणीस दिवसांचं पाणी एकात एक. तळाला गाळ, वर एक मेलेला भुंगा. परवाचा पाऊस त्यातच होता.

"न्हाई सांगता येत."

"आता कुणालाच येणार न्हाई."

ओट्यावर वह्यांची चळत होती. भांडं खाली ठेवून शैलश्री त्या चाळत गेली. दुष्काळाच्या सालात पानंच्या पानं शून्य. भूकंपाच्या सकाळीही आकडा होता. एका पानावर महानंदानं बोट ठेवलं.

"ह्या दिवशी माझी अव्वा गेली. मी दहा वर्षांची. घरात सगळे रडायलेत, आन अप्पा हितं, जाळीत. लई वर्षं बोलले न्हाई मी त्यांच्याशी धड."

आई गेली त्या तारखेपुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: चार मिलिमीटर.

शेवटच्या वहीत अप्पांनी महिनाअखेरपर्यंतच्या तारखा आधीच घालून ठेवल्या होत्या. आठ तारखेपुढं आकडा होता. त्या दुपारीच ते गेले. नऊपासून आजच्या सत्तावीसपर्यंत तारखा होत्या, पुढं काही नव्हतं.

"आज सकाळी पेन घेतलं होतं," महानंदा म्हणाली. "हात चालला न्हाई."

"आन हे पाणी?"

"ओत."

शैलश्रीनं भांडं उचलून तिच्यापुढं धरलं. महानंदानं तोंड फिरवलं. मग शैलश्रीनंच ते लिंबाच्या झाडाखाली हळूहळू ओतलं. काळ्या मातीनं ते लगेच घेतलं नाही, थोडा वेळ वर तसंच उभं राहिलं. तिनं ओढणीनं भांडं आतून पुसलं, जागेवर ठेवलं आणि जाळीची कडी लावली.

"ए, सुसला खायला चल की!" ज्योत्स्नानं हाक मारली. शैलश्री थांबली नाही.

घरी तिची आई सावित्रम्मा उदगीरच्या लग्नाची बॅग भरत होती. सगळ्यात वर शैलश्रीचा नवा लेहंगा.

"अव्वा, अप्पा, मी लग्नाला येणार न्हाई."

"काय? ह्या लेहंग्यासाठी महिनाभर डोकं खाल्लंस की माझं!"

"साडेआठला रेवणसिद्धप्पांच्या अंगणात जायचंय मला. उद्यापासून. रोज. तुमी येईपर्यंत महानंदाअक्काकडं राहते."

वडिलांनी दारातून वर बघितलं. आभाळ निळंभोर झालं होतं. "पाऊस कुठं हाय ग आता? काय मोजणार हाईस चार दिवस?"

शैलश्रीनं बॅगेतून लेहंगा काढला आणि नीट घडी घातली.

"न्हाई पडला तर शून्य लिहावं लागतंय, अप्पा."