दाखला

१९८८ साली अंबरनाथच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होतो. दिवाळीनंतर कामावरून कमी करायच्या साठ जणांची यादी महिनाभर माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात होती. मॅनेजरसाहेबांनी बजावलं होतं, "बाहेर एक अक्षर गेलं, तर एकसष्टावं नाव तुमचं."

एके दिवशी प्रेस खात्यातला चंदर टोपी हातात घेऊन केबिनमध्ये आला.

"सायब, आमचे खात्यातला कमळाकर पोरगा कसा हाय? आमचे चिमीसाठी विचारतोय. तुम्ही चांगला बोललात, तं रविवारी सुपारी फोडू."

कमळाकरचं नाव यादीत तिसरं होतं. हो म्हणावं, तर पोरीचा संसार पहिल्याच महिन्यात उघड्यावर पडणार. नुसतं 'थांब' म्हणावं, तर दुपारच्या चहापर्यंत अख्ख्या कारखान्याला त्याचं कारण कळणार.

"मुलगा पितो रे," मी म्हणालो.

चंदर माझ्या पाया पडून गेला. सुपारी फुटली नाही, आणि का फुटली नाही ते सगळ्या गावाला कळलं.

दिवाळीनंतर गेटवर नोटीस लागली. अनुभवाचा दाखला मागायला साठही जण माझ्या टेबलापुढे रांगेत उभे राहिले. कोणी शिव्या दिल्या, कोणी रडलं. कमळाकर सगळ्यात शेवटी आला.



"साहेब, नोकरीचा दाखला राहू द्या. मी दारू पीत नाही, एवढं लिहून द्या."