बाटलीवरचा चौकोन

"शेठ, बाटलीवर एक तारीख आणि ह्या चौकोनात दुसरीच. मग खरी कुठली?"

सेलिनाने विचारलं, आणि ते अशा खणखणीत आवाजात की शेजारच्या पानवाल्यानेसुद्धा मान वर केली. मागे फूटपाथवर तेजलने प्रबुद्धला कोपर मारलं. शाळा सुटल्यापासून दोघं तिला डिवचत होती. "तू विचारणार? तुझा पप्पाच तिथे कामाला, तू काय विचारणार यार!" झालं. आता विचारून दाखवलंच होतं तिने.

मेडिकलच्या काउंटरमागे तिचा पप्पा, बेसिल, खोकी लावत होता. त्याचा हात थांबला. गल्ल्यावरचा जयवंतशेठ मात्र हसला.

"कसला चौकोन गं बाळा?"

"हा काय, कोड." तिने तेजलचा फोन बाटलीवर धरला. "बघा ना. कंपनी, बॅच नंबर, सगळं येतं ह्यात. वर छापलंय, सत्तावीसच्या मार्चपर्यंत चालेल. कोड म्हणतो, पंचवीसच्या मार्चमध्येच मुदत संपली. माझ्या मम्मीच्या फिट्सच्या गोळ्या आहेत ह्या, तुमच्याच दुकानातल्या. रोज घेते, तरी रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पडली ती. जीभ चावली. केवढं रक्त..."

"सेलिना, घरी जा," बेसिल म्हणाला.

"का जाऊ? एफडीएला फोटो पाठवला तर..."

पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. पप्पाने काउंटरवरून हात लांब करून तिच्या थोबाडीत मारली होती. आजवर एकदाही न मारणाऱ्या पप्पाने! तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"ओ अंकल!" प्रबुद्ध पुढे धावला.

शेठ त्याच्याआधी पोचला. त्याने सेलिनाची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं डोकं काउंटरच्या काचेवर आपटलं. काच तडकली. कफ सिरपच्या बाटल्या खाली पडून फुटल्या, गोड वास पसरला. प्रबुद्धने शेठचा दंड धरला, तर शेठने त्याच्या पोटात गुडघा घातला. पोरगा सिरपच्या चिखलात वाकून बसला.

"फोन दे."

"नाही देत!" भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं, तरी तिने फोन उंच धरला. दुसऱ्या मुठीत बाटली घट्ट.

शटर ओढायची लोखंडी सळई कोपऱ्यात उभी असते. शेठने ती उचलली. सेलिनाला सळई वर गेलेली दिसली आणि तिने डोळे मिटले. कडकन आवाज झाला.

पण तिला दुखलं नाही. तिने डोळे उघडले. काउंटरवरून झेपावलेला पप्पा तिच्यासमोर होता आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच बाजूला वळली होती. फोन मात्र खाली पडला होता. शेठने त्यावर टाच दिली आणि गोल फिरवली.

"पोरीला नाही, शेठ," बेसिल कण्हला. "पोरीला हात नाही लावायचा."

"आता आठवली पोर? थिनरने तारखा पुसतोस तू, नवा शिक्का मारतोस तू, आणि फोटो काढते तुझी पोर! मी सांगितलं होतं, तो चौकोन पण खरवड. तूच म्हणालास ना, शेठ, खरवडला तर लेबल फाटेल, चौकोन कोण बघतंय!"

रस्त्यावर गर्दी जमली होती. कोणी आत येत नव्हतं.

सेलिना पप्पाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. त्याला थिनरचा वास होता. रोज रात्री जेवायला बसल्यावर ती त्याला चिडवायची, पप्पा, चोरून नेलपॉलिश लावतोस काय रे? आणि तो हसायचा. काय हसायचा!

गर्दीतून वाट काढत तिची मम्मी, उर्सुला, दुकानात शिरली. नवऱ्यासाठी आणलेला जेवणाचा डबा हातात, कपाळावर रविवारचे टाके. तिने पोरीचं रक्त पाहिलं, नवऱ्याचा हात पाहिला, मग सेलिनाच्या मुठीतली बाटली. शेठचं बोलणं तिने बाहेरूनच ऐकलं होतं. जीभ अजून सुजलेली, त्यामुळे शब्द जड येत होते.

"माझ्यासाठी तरी चांगल्यातली आणायचीस ना रे, बेसिल?"

"चांगल्यातलीच आणायचो गं." बेसिल खाली बसला. "पण एकदा पुसल्या की मला पण ओळखू येत नाहीत."

उर्सुलाने डबा काउंटरवर ठेवला. काचांवर.

"पुरे नाटक," शेठ सळई टेकत म्हणाला. "पोरीला घरी ने. तोंड उघडलंत ना, तर आधी हाच आत जाईल. मी सांगेन, सगळे ह्याचेच धंदे."

"बरोबर बोलतायत शेठ," बेसिल पुटपुटला. "चल सेलिना. बाटली दे त्यांना."

सेलिनाने गळ्यातला शाळेचा टाय सोडवला. पप्पाची मोडलेली बोटं धड बोटांना लावून तिने ती घट्ट बांधली. तो ओरडला, तरी तिने गाठ सैल केली नाही. मग बाटली युनिफॉर्मच्या खिशात टाकून ती उभी राहिली. शेठने सळई उचलली. तेव्हा तेजल आत आली आणि तिच्या बाजूला उभी राहिली. सिरपमधून उठून प्रबुद्धही आला.

"मम्मी, तू पप्पाला डॉक्टरकडे ने," सेलिना म्हणाली. मघासारखाच खणखणीत आवाज, भुवईतून रक्त येत होतं तरी. "मी पोलीस स्टेशनला चाललेय. पप्पा, तारखा कोण पुसतं, ते मी तुझ्या नावासकट सांगणार. आणि सळईच्या मधे हात कोणी घातला, तेपण सांगणार."