निघताना काय म्हणाला?

हरवलेली माणसं शोधून देणं हा विनीतचा धंदा, आणि नूतनवर त्याचा पहिल्या दिवसापासून संशय. बदलापूर गावातली ही बाई हरवलेल्या माणसाच्या घरच्यांना एकच प्रश्न विचारायची, "निघताना 'येतो' म्हणाला, की 'जातो'?" मग डोळे मिटून सांगायची, तो परत येईल की नाही. आतापर्यंतच्या चारही वेळा तिचं खरं ठरलं होतं. हिला कुणीतरी आधीच खबर देतंय, अशी खात्री पटून विनीतने दोन महिने तिच्यावर पाळत ठेवली. हाती काय लागलं, तर ती चहात दोन चमचे साखर घेते आणि हसू आलं की ओढणी तोंडाशी नेते.

आज त्याने तिला आपल्या विठ्ठलवाडीच्या ऑफिसात समोरच बसवलं. "'जातो' म्हणू नये, हे आमची आईपण सांगते. त्यात दिव्यदृष्टी कसली? खरं सांगा, तुम्हाला माहिती कोण पुरवतं?"

"कुणी नाही. दिसतं मला."

"मग माझं काय दिसतं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "दोन महिने माझ्यामागे फिरलात, ते दिसलं. कशासाठी, ते अजून तुम्हालाच दिसलेलं नाही."

विनीत कसनुसा हसला. "सगळी बंडलबाजी आहे. निघा आता."

तिने पर्स उचलली, दाराशी जाऊन चपला घातल्या. "बरं. जाते."

खुर्ची मागे पडली तरी विनीतने वळून पाहिलं नाही. तो दारात आडवा उभा होता.

"आधी 'येते' म्हण."